वाचनमात्र सभासद आणि विकेंद्रित समूह

कोणत्याही समूहात बोलणारे थोडे आणि ऐकणारे पुष्कळ असतात, ही गोष्ट समाजशास्त्राला नवी नाही. सभा, ग्रंथालय, सहकारी संस्था यांच्या बाबतीत ती आपण इतक्या सहजपणे गृहीत धरतो की, तिचे स्पष्टीकरण मागण्याची गरजही भासत नाही. संगणकांच्या जाळ्यावर गेल्या चार-पाच दशकांत जे समूह उदयास आले, त्यांच्या बाबतीत मात्र हा प्रश्न आरंभापासून चर्चेचा विषय झालेला आहे. आणि त्याचे कारण असे की, तेथे न बोलणारा मनुष्य दिसतच नाही. सभागृहात मुकाट्याने बसलेला श्रोता निदान एक खुर्ची अडवतो, मान डोलावतो, कंटाळला तर उठून जातो. जाळ्यावरील मूक वाचक यांपैकी काहीच करीत नाही. मराठी संकेतस्थळांवर अशा वाचकाला ‘रोमात’ असलेला म्हणण्याचा प्रघात आहे. ‘रीड ओन्ली मोड’ या शब्दांच्या आद्याक्षरांना सप्तमीचा प्रत्यय लावून बनलेला हा शब्द मराठी बोलणाऱ्यांच्या विनोदबुद्धीची साक्ष देतो. शास्त्रीय विवेचनासाठी मात्र त्याच संकेतस्थळांवर रूढ असलेला ‘वाचनमात्र’ हा शब्द अधिक सोयीचा असल्याने प्रस्तुत लेखात तोच वापरला आहे.

वाचनमात्र सभासदांची मोजदाद करण्याचा एक आरंभीचा पद्धतशीर प्रयत्न नॉनेके आणि प्रीस या संशोधकांनी केला. ई-पत्रांवर चालणाऱ्या चर्चागटांची पाहणी करून त्यांनी 2000 साली जे निष्कर्ष मांडले त्यांत आरोग्यविषयक गटांत सुमारे 46 टक्के, तर संगणकप्रणालींविषयीच्या गटांत सुमारे 82 टक्के सभासद मूक आढळले. या दोन आकड्यांतील अंतर हेच खरे बोलके आहे. जेथे मनुष्य आपले दुखणे घेऊन येतो तेथे तो बोलतो. जेथे केवळ एखाद्या अडचणीचे उत्तर हवे असते तेथे ते वाचून निघून जातो. पुढे 2004 साली याच संशोधकांनी अँड्र्यूज यांच्यासह मूक सभासदांना मौनाची कारणे विचारली. बोलण्याची गरजच वाटली नाही, समूहाची आणखी ओळख करून घ्यावयाची होती, न बोलण्यानेच आपण मदत करीत आहो असे वाटले, यंत्रणा वापरणे जमले नाही, समूह आवडला नाही, अशी ती पाच प्रमुख कारणे होती. आळस किंवा स्वार्थ यांचा त्यांत कोठे प्रामुख्याने उल्लेख नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

तथापि त्यापूर्वीच्या विवेचनात सूर निराळा होता. कोलॉक आणि स्मिथ यांनी 1996 साली यूझनेट या जाळ्याचा विचार सामायिक मालमत्तेच्या दृष्टीने केला, आणि त्या चौकटीत वाचनमात्र सभासद हा आयते खाणारा ठरतो. या भूमिकेच्या मागे मॅन्सर ओल्सन यांच्या 1965 मधील ग्रंथाची परंपरा आहे. समूह मोठा झाला की प्रत्येकाचा वाटा नगण्य होतो, म्हणून कोणीच काही करीत नाही. समूह लहान असला तर एकाची अनुपस्थितीही जाणवते, म्हणून काम होते, असा ओल्सन यांच्या युक्तिवादाचा थोडक्यात आशय. याच्या अगदी उलट दिशेने जीन लेव्ह आणि एतिएन वेंगर यांनी 1991 साली प्रश्नाला हात घातला. युकातानमधील सुइणी, लायबेरियातील शिंपी, आरमारातील नाविक यांच्या उमेदवारीचा अभ्यास करून त्यांनी असे दाखविले की, कडेला राहून पाहणे हाही सहभागाचाच एक मान्य प्रकार आहे. शिकणे म्हणजे कडेकडून मध्याकडे होणारा प्रवास. आपल्याकडील भजनी मंडळात हे वेगळे शिकवावे लागत नाही. मुलगा आधी मागे बसतो, मग केव्हातरी त्याच्या हातात टाळ येतात, आणि अभंग पाठ होण्यापूर्वीच तो ध्रुपद धरू लागलेला असतो.

या दोन भूमिकांतील कोणती खरी, असा प्रश्न विचारणे फारसे उपयोगाचे नाही. कडेला बसलेल्याच्या हाती टाळ देणारा कोणी आहे की नाही, यावर बरेच अवलंबून असते. यूझनेटच्या इतिहासातून हे स्पष्ट होते. 1979 साली ड्यूक विद्यापीठातील ट्रस्कॉट आणि एलिस या विद्यार्थ्यांच्या कल्पनेतून निघालेले हे जाळे प्रथमपासूनच विकेंद्रित होते. दर सप्टेंबरात विद्यापीठांत नवे विद्यार्थी येत, काही आठवडे गोंधळ होई, जुने सभासद त्यांना ‘आधी वाचा, मग लिहा’ असे बजावीत, आणि घडी पुन्हा बसे. 1993 पासून पुढे व्यापारी कंपन्यांच्या ग्राहकांना हे जाळे खुले होत गेले, तेव्हा नवागतांचा ओघ अखंड झाला आणि त्यांना वळण लावणारे हात अपुरे पडले. जुने सभासद त्या काळाला ‘न संपणारा सप्टेंबर’ म्हणू लागले. नवागत वाईट होते असे नव्हे. उमेदवारीचा काळ नाहीसा झाला होता.

आता सांप्रतच्या स्थितीकडे वळू. फेसबुक, एक्स, इन्स्टाग्राम यांसारख्या प्रचंड केंद्रीय व्यासपीठांवर वाचनमात्र मनुष्य खऱ्या अर्थाने मूक असतो काय? आमच्या मते नसतो. तो कोणत्या मजकुरावर किती वेळ थबकला, काय ओलांडून पुढे गेला, कोणते चित्र मोठे करून पाहिले, याची नोंद होते. तिच्या आधारे त्याच्यापुढे आणि त्याच्यासारख्या इतरांपुढे काय मांडावयाचे हे ठरते. म्हणजे त्याचे मौन हेच एक मत असते, फक्त ते त्याने दिलेले नसून त्याच्याकडून घेतलेले असते. त्यामुळे तेथील वाचकाला आपण काही न करताही समूहाचा गाडा चालतो असा जो अनुभव येतो तो अगदीच भ्रामक नाही. गाडा खरोखरीच चालतो, आणि त्याला लागणारे इंधन त्या वाचकाकडूनच मिळते.

विकेंद्रित समूहांत ही व्यवस्था नाही, आणि येथेच आपल्या विषयाचे मर्म आहे. अ‍ॅक्टिव्हिटीपब हा संकेत जागतिक वेब संघाने जानेवारी 2018 मध्ये मान्य केला. त्यावर चालणारी सर्वांत परिचित प्रणाली म्हणजे ऑयगेन रोख्को यांनी 2016 साली सुरू केलेली मॅस्टोडॉन. येथे एक मध्यवर्ती कचेरी नसून हजारो स्वतंत्र सर्व्हर असतात. कोणी शंभर माणसांचा, कोणी लाखाचा. ई-पत्राप्रमाणेच एका सर्व्हरवरील मनुष्य दुसऱ्यावरील मनुष्याशी व्यवहार करू शकतो. परंतु एका सर्व्हरला सर्व जगातील लेखन आपोआप दिसत नाही. साधारणपणे तेथील निदान एखाद्या सभासदाने बाहेरच्या ज्या लेखकाचे अनुसरण केले असेल त्याचेच लेखन त्या सर्व्हरकडे येऊ लागते, आणि मग ते तेथील सामायिक प्रवाहात सर्वांना दिसते. यावरून एक विलक्षण गोष्ट निष्पन्न होते. लहान सर्व्हरवरील एखाद्या अबोल सभासदाने दूरच्या एखाद्या वनस्पतिशास्त्रज्ञाचे अनुसरण केले, तर एक अक्षरही न लिहिता त्याने आपल्या साऱ्या वस्तीला एक नवी खिडकी उघडून दिलेली असते. मोठ्या व्यासपीठावर अनुसरण ही खाजगी निवड असते, तर येथे ते सार्वजनिक कार्य ठरते.

उलटपक्षी, वाचण्याने येथे काहीच घडत नाही. स्वतःच्या प्रवाहात लेखन कालक्रमाने येते. कोण किती वेळ थबकले याचा त्या क्रमाशी संबंध नाही. पसंतीची खूण केली तर लेखकाला ती कळते, परंतु तेवढ्याने ते लेखन आपल्या अनुयायांपुढे जात नाही. त्यासाठी त्याचे पुनःप्रसारण करावे लागते. शोधाची सोयही मर्यादित आहे. प्रारंभी ती मुख्यतः विषयखुणांपुरतीच होती, आणि सप्टेंबर 2023 मधील 4.2 या आवृत्तीपासून संपूर्ण मजकुरात शोध घेण्याची सोय झाली तीही लेखकाने अनुमती दिली असेल तरच. म्हणून ज्याला सापडावयाचे आहे त्याने स्वतः खूण लावावी लागते. नवागताने आरंभी ‘परिचय’ या अर्थाची खूण लावून आपल्या आवडीनिवडी चार ओळींत सांगाव्या, असा जो तेथे रिवाज पडला आहे त्याला केवळ शिष्टाचार समजणे बरोबर होणार नाही. ज्याला कोणी शोधून आणीत नाही त्याने दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावण्यासारखे ते आहे.

मोठ्या व्यासपीठावरून स्थलांतर करणाऱ्यांची निराशा यातूनच उद्भवते. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयातील वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते निलंबित झाले, तेव्हा अनेक भारतीयांनी मॅस्टोडॉनवर खाती उघडली. ऑक्टोबर 2022 मध्ये ट्विटरची मालकी बदलल्यावर तर मॅस्टोडॉनच्या मासिक सक्रिय सभासदांची संख्या सुमारे 3 लाखांवरून 25 लाखांपर्यंत गेली. पुढील काही महिन्यांत त्यांतील बरेचसे गळाले. यंत्रणा अवघड वाटली हे कारण सामान्यतः दिले जाते व ते खोटे नाही. परंतु वाचनमात्र राहण्याची सवय घेऊन आलेल्या माणसाला तेथे रिकामा प्रवाह दिसला, हे कारण आम्हांस अधिक मूलभूत वाटते. प्रवाह रिकामा होता, कारण तो भरण्याचे काम त्याचे स्वतःचे होते, आणि हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

मूक वाचक बोलता होतो तो बहुधा मोठ्या मतप्रदर्शनाने नव्हे. एखादी चुकीची तारीख सुधारणे, कोणाच्या प्रश्नाला दोन शब्दांत उत्तर देणे, अशी ती लहान कामे असतात. ब्रायंट, फोर्ट आणि ब्रुकमन यांनी 2005 साली विकिपीडियाच्या लेखकांविषयी हेच नोंदविले: वाचता वाचता आढळलेली चूक दुरुस्त करण्यापासून त्यांचा प्रवेश झाला. अशा पहिल्या कृतीचे पुढे काय होते यावर मात्र सारे ठरते. इंग्रजी विकिपीडियावरील सक्रिय संपादकांची संख्या 2007 नंतर घटत गेली. हॅलफेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 साली असे दाखविले की, नवागतांनी सद्हेतूने केलेले बदलही यांत्रिक साधनांनी झटपट पुसले जाऊ लागले, हे त्या घटीमागील एक प्रमुख कारण होते. दारावरचा पहारा कडक झाला, पण आत येणाऱ्याला ‘या, बसा’ म्हणणारे कोणी उरले नाही.

लहान समूहात बोलण्याची किंमतही अधिक असते, हे मान्य केले पाहिजे. पन्नास माणसांत नाव लवकर ओळखीचे होते आणि चूकही लवकर ध्यानात राहते. शिवाय मॅस्टोडॉनवरील खाजगी निरोप टोकापासून टोकापर्यंत सांकेतिक लिपीने बंद केलेले नसल्याने सर्व्हर चालविणाऱ्याला ते पाहणे तांत्रिक दृष्ट्या शक्य असते. तेव्हा कोणाच्या ओसरीवर आपण बसलो आहो याची चौकशी करणे हे संशयखोरपणाचे लक्षण नव्हे. तो मनुष्य बहुधा बिनपगारी असतो, सर्व्हरचे भाडे खिशातून वा देणग्यांतून भरतो, आणि भांडणे मिटविण्यात त्याच्या रात्री जातात. 2017 साली सुरू झालेला आणि हजारो सभासदांचा ‘मॅस्टोडॉन डॉट टेक्नॉलॉजी’ हा सर्व्हर 2022 च्या अखेरीस बंद झाला. असा सर्व्हर मिटण्यापूर्वी खाते अन्यत्र हलविता येते आणि अनुयायीही बरोबर नेता येतात. लिहिलेले लेखन मात्र नव्या खात्यात जात नाही. ओल्सन यांचा सिद्धांत येथे अर्धाच लागू पडतो: लहान समूहात एकाची अनुपस्थिती जाणवते हे खरे, परंतु जो कधी उपस्थित म्हणून दिसलाच नाही त्याची अनुपस्थिती कोणाला जाणवणार? चालकाला आपल्यामागे चाळीस माणसे उभी आहेत की चार, हे कळण्याचा मार्ग त्या चाळिसांच्या बोलण्यावाचून दुसरा नाही.

शेवटी एक गोष्ट विशेषतः संशोधक विद्यार्थ्यांच्या संबंधात नमूद करावयास हवी, कारण अशा समूहांत सर्वांत चिकाटीचा वाचनमात्र सभासद पुष्कळदा संशोधकच असतो. अर्व्हिंग गॉफमन यांनी 1981 साली संभाषणातील मान्य श्रोता आणि कानोसा घेणारा यांत भेद केला होता. इटलीतील काही संशोधकांनी 2019 मध्ये मॅस्टोडॉनवरील सार्वजनिक लेखनाचा मोठा संग्रह अभ्यासासाठी प्रसिद्ध केला, तेव्हा तेथील सभासदांनी व काही अभ्यासकांनी जाहीर पत्र लिहून त्यास हरकत घेतली. लेखकांची ओळख पुरेशी झाकलेली नाही आणि सर्व्हरांच्या नियमांचा मान राखलेला नाही, हे त्यांचे म्हणणे होते. तो संग्रह पुढे सार्वजनिक भांडारातून काढून घेण्यात आला. मजकूर सर्वांना दिसतो म्हणून तो सर्वांसाठी लिहिलेला असतो असे नाही, हा त्या वादाचा मुद्दा होता. ज्या विद्यार्थ्यांना या क्षेत्रात काम करावयाचे आहे त्यांनी प्रत्येक सर्व्हरचे नियम स्वतंत्रपणे वाचावे, चालकाची लेखी अनुमती घ्यावी, आणि आपल्या खात्यावर नाव, विभाग व अभ्यासाचा हेतू पहिल्याच दिवशी लिहून ठेवावा. सामग्री गोळा करण्याचे काम त्यानंतर सुरू करावे.