जुनी ‘एसयूव्ही’ घेताना : डिझेल की हायब्रिड?

नवी मुंबई, खास प्रतिनिधी

वाशी, नेरूळ, खारघर परिसरातील सोसायट्यांच्या वाहनतळांवर नजर टाकली, तर छोट्या मोटारींची जागा उंच बांध्याच्या ‘एसयूव्ही’ने घेतल्याचे दिसून येते. घरात आई-वडील आणि मुले, वर्षातून दोन-तीनदा गावाकडची फेरी आणि पावसाळ्यातील खड्डे, या तिन्ही गोष्टी या गाडीच्या पथ्यावर पडल्या. मात्र नव्या गाडीचे हप्ते परवडत नसल्याने वापरलेल्या गाडीकडे वळणारी कुटुंबेही कमी नाहीत. काही वर्षांपूर्वीपर्यंत त्यांच्यापुढील पर्याय सोपा होता : फिरणे जास्त असेल तर डिझेल, कमी असेल तर पेट्रोल.

सप्टेंबर २०२२ मध्ये मारुती सुझुकीची ‘ग्रँड विटारा’ आणि टोयोटाची ‘अर्बन क्रूझर हायरायडर’ या गाड्या हायब्रिड स्वरूपात विक्रीस आल्या. त्याच वर्षाअखेरीस टोयोटाने ‘इनोव्हा हायक्रॉस’ची किंमत जाहीर केली. या गाड्यांचे पहिले मालक आता त्या विकू लागले असून, जुन्या बाजारात त्यांची गाठ ‘क्रेटा’, ‘सेल्टोस’, ‘हॅरियर’, ‘एक्सयूव्ही ७००’ यांसारख्या मुरलेल्या डिझेल गाड्यांशी पडते आहे. दोन्हींपैकी कोणती घ्यावी, याचे उत्तर कंपनीने जाहीर केलेल्या मायलेजपेक्षा गाडी रोज कोणत्या रस्त्याने जाणार, यावर अधिक अवलंबून आहे.

दोन स्वभाव

डिझेल इंजिनाला कमी वेगातही भरपूर ताकद मिळते. भरलेली गाडी, चालू असलेला एसी आणि खंडाळ्याचा घाट असा योग आला की तिची महती कळते. एकसारख्या वेगाने लांबचा प्रवास हा तिचा खरा प्रांत.

हायब्रिड गाडीत पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विद्युत मोटार आणि लहानशी बॅटरी असते. ही बॅटरी बाहेरून चार्ज करावी लागत नाही. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा आणि इंजिनाची जादा शक्ती यांवर ती भरत राहते. सिग्नलला इंजिन बंद पडते, गर्दीत गाडी बराच वेळ केवळ मोटारीवर सरकते. म्हणूनच शीव-पनवेल महामार्गावर सायंकाळी होणाऱ्या कोंडीत डिझेल गाडी जिथे इंधन जाळत उभी राहते, तिथे हायब्रिड बचत करते. याउलट द्रुतगती मार्गावर ब्रेकचे काम फारसे नसल्याने बॅटरीला भर मिळत नाही आणि गाडी बव्हंशी पेट्रोलवरच धावते. ‘ग्रँड विटारा’च्या हायब्रिड आवृत्तीसाठी कंपनीने लिटरला २७.९७ किलोमीटर हा आकडा जाहीर केला होता. तो चाचणीतील आहे, प्रत्यक्ष रस्त्यावरचा नव्हे, हे ध्यानात ठेवलेले बरे.

काजळीचा प्रश्न

१ एप्रिल २०२० पासून देशात ‘भारत स्टेज ६’ हे प्रदूषण निकष लागू झाले. त्यामुळे त्यानंतरच्या डिझेल मोटारींच्या धुराच्या मार्गात काजळी अडवणारी गाळणी आली. गॅरेजमध्ये तिला ‘डीपीएफ’ म्हणतात. साठलेली काजळी सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमानाला जळून जाते. त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटे न थांबता बऱ्या वेगाने पळावी लागते.

अडचण नेमकी येथे आहे. सानपाड्याहून मुलांना शाळेत सोडणे, तेथून बाजार आणि परत घर अशा तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरेसे तापतही नाही. काजळी साठत जाते, सूचनादिवा लागतो, काही वेळा इंजिनाची ताकद आपोआप कमी केली जाते. काजळी जाळण्याचा प्रयत्न वारंवार अर्धवट राहिला, तर जादा सोडलेले डिझेल इंजिन ऑइलमध्ये मिसळण्याचाही धोका असतो. गाळणी बदलण्याची वेळ आली, तर वर्षभराच्या इंधनात वाचवलेले पैसे एका फटक्यात जातात. पाम बीच मार्गावर आठवड्यातून एकदा सलग फेरी मारली तरी हा त्रास बराच टळतो. पण केवळ गाळणी साफ राहावी म्हणून गाडी फिरवायची असेल, तर ती गाडी त्या घरासाठी योग्य नाही, असाच त्याचा अर्थ होतो.

हिशेब काय सांगतो?

पेट्रोल लिटरला १०४ रुपये आणि डिझेल ९० रुपये, असे ढोबळ दर हिशेबासाठी धरू. शहरातील गर्दीत हायब्रिड लिटरला २० किलोमीटर आणि डिझेल गाडी १३ किलोमीटर धावते, असे मानले, तर हायब्रिडला किलोमीटरमागे ५ रुपये २० पैसे आणि डिझेलला ६ रुपये ९२ पैसे खर्च येतो. महामार्गावर दोन्ही १८ किलोमीटर देत असतील, तर हायब्रिडचा खर्च ५ रुपये ७८ पैसे आणि डिझेलचा ५ रुपये होतो. म्हणजे शहरात हायब्रिड, तर महामार्गावर डिझेल स्वस्त.

आता समजा, त्याच वयाची हायब्रिड दोन लाख रुपयांनी महाग मिळते आहे. शहरातच वर्षाला १२ हजार किलोमीटर फिरणाऱ्यास सुमारे साडेवीस हजार रुपये वाचतील आणि जादा दिलेली रक्कम वसूल होण्यास जवळपास दहा वर्षे लागतील. फिरणे २० हजार किलोमीटर असेल, तर सहा वर्षांत वसुली होईल. महिन्याला जेमतेम ५०० किलोमीटर फिरणाऱ्या, कामावर लोकलने जाणाऱ्या कुटुंबाला मात्र एकोणीस वर्षे थांबावे लागेल. अशा घरासाठी साधी पेट्रोल गाडीच शहाणपणाची ठरते.

किमतीबाबत आणखी एक गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारींवरील वस्तू व सेवा कराची नवी रचना लागू झाली आणि नव्या गाड्यांच्या किमती उतरल्या. विक्रेता जुन्या किमतीचा दाखला देत असेल, तर त्याच गाडीची नवी किंमत शोरूममध्ये विचारूनच बोलणी करावीत.

सगळेच हायब्रिड सारखे नव्हे

‘हायब्रिड’ हा शब्द मात्र फसवा आहे. २०१५ मध्ये मारुतीच्या ‘सियाझ’ डिझेलवर आणि २०१९ मध्ये एमजी ‘हेक्टर’च्या पेट्रोल आवृत्तीवरही तो होता. त्या गाड्यांतील छोटी मोटार इंजिनाला केवळ हातभार लावते. ती एकटीने गाडी ओढू शकत नाही. याला ‘माइल्ड हायब्रिड’ म्हणतात. ‘ग्रँड विटारा’ आणि ‘हायरायडर’ तर माइल्ड आणि स्ट्राँग अशा दोन्ही प्रकारांत विकल्या गेल्या असून, बाहेरून त्या जवळपास सारख्याच दिसतात. ओळखण्याची सोपी रीत अशी, की बॅटरी पुरेशी भरलेली असताना वाहनतळात गाडी हळूच पुढे घ्यावी. इंजिनाचा आवाज न होता ती सरकली, तर ती खरी हायब्रिड.

टोयोटा आणि मारुती या दोन्ही कंपन्यांनी स्ट्राँग हायब्रिडच्या बॅटरीला आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंतची हमी दिलेली आहे. ती पहिल्या विक्रीच्या तारखेपासून मोजली जाते. त्यामुळे २०२२ ची गाडी घेणाऱ्यास २०३० पर्यंतच संरक्षण आहे. उरलेली हमी किती, हे अधिकृत सर्व्हिस केंद्रातून तपासून घ्यावे. ‘ग्रँड विटारा’ आणि ‘हायरायडर’मध्ये बॅटरीमुळे डिकीतील जागा बरीच कमी होते, हेही सामानासह गावी जाणाऱ्यांनी पाहावे. शिवाय गाडी एप्रिल २०२३ पूर्वीची असेल, तर २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल तिला चालते का, हे माहितीपुस्तिकेत पाहणे इष्ट.

धोरणाची टांगती तलवार

जानेवारी २०२५ मध्ये मुंबईतील वायुप्रदूषणाबाबत स्वतःहून दाखल करून घेतलेल्या याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने पेट्रोल-डिझेल वाहने टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का, याचा अभ्यास करण्यास सांगितले. त्याच महिन्यात राज्य सरकारने सात सदस्यांची समिती नेमली. मुंबई महानगर प्रदेशात केवळ सीएनजी आणि विजेवरील वाहनांना परवानगी देणे शक्य आहे का, हा तिच्यापुढील विषय होता. नवी मुंबई आणि पनवेल याच प्रदेशात येतात. समिती नेमणे म्हणजे बंदी नव्हे. तरीही गाडी आठ-दहा वर्षे ठेवण्याचा विचार असेल, तर पुनर्विक्रीच्या किमतीवर याचे सावट राहील, हे गृहीत धरावे. यात हायब्रिडला आपोआप सूट मिळेल, असेही समजू नये. इंधन म्हणून तीही पेट्रोलच जाळते.

दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये निर्बंध घातले आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने केवळ वयाच्या आधारे कारवाई न करण्याचे आदेश दिले खरे. पण मधल्या काळात तेथील अनेक डिझेल गाड्या स्वस्तात इतर राज्यांत गेल्या. अशी गाडी घेताना मूळ कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र आणि महाराष्ट्रातील एकरकमी वाहन कर हे दोन्ही किमतीत धरावे. एमएच-४३ किंवा एमएच-४६ क्रमांकाची गाडी थोडी महाग असली, तरी एकूण हिशेबात ती स्वस्त पडू शकते.

व्यवहारापूर्वी हे तपासा

- गाडी पुराच्या पाण्यात उभी राहिली होती का? गालिच्याखालील गाळ, सीटच्या लोखंडी पट्ट्यांवरील गंज आणि सीटबेल्ट पूर्ण ओढल्यावर दिसणारे डाग खरे सांगतात. हायब्रिडमध्ये हा धोका अधिक खर्चिक ठरतो.
- खाडीच्या खाऱ्या हवेमुळे चासी आणि सायलेन्सर गंजतात. गाडी वर उचलून खालून पाहावी.
- डिझेल गाडी थंड असताना सुरू करावी. आवाज, धूर आणि टर्बोची ओढ लक्षपूर्वक पाहावी.
- हायब्रिडच्या बॅटरीकडे हवा नेणारी जाळी धुळीने तुंबलेली नसावी.
- सर्व्हिसची नोंद आणि मीटरवरील किलोमीटर यांचा मेळ बसला पाहिजे.
- फॉर्म २९ आणि ३०, कर्ज फिटल्याचा दाखला, थकीत ई-चलन आणि जुना फास्टॅग यांचा निकाल पैसे देण्यापूर्वी लावावा. विमा आपल्या नावावर करण्यासाठी १४ दिवसांची मुदत असते.

थोडक्यात, पुणे, नाशिक किंवा कोकणाची वाट दर आठवड्याला धरणाऱ्याने डिझेल निःशंक घ्यावे. ऐरोली, महापे, वाशी आणि मुंबईच्या गर्दीत रोज दोन-दोन तास घालवणाऱ्यास हायब्रिड उपयोगी पडेल. गाडी आठवडाभर झाकून ठेवून रविवारी बाहेर काढणाऱ्या कुटुंबाने मात्र दोन्हींच्या मोहात न पडता, वाचलेले दोन लाख बँकेत ठेवावेत.