डाव्या पायाचं काम

दसऱ्याच्या संध्याकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात सोनं लुटायला गर्दी लोटते, तेव्हा निम्म्या माना पालख्यांकडे वळलेल्या असतात आणि निम्म्या मेबॅककडे. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातली, १९३६ सालची ही जर्मन गाडी. रंग भगवा. तिच्या रंगाबद्दल आणि ऐटीबद्दल कोल्हापूरकर तासन्‌तास बोलेल. तिच्या गिअरबद्दल मात्र मी कुणाला बोलताना ऐकलं नाही. खरं तर मलाही त्यातलं काही ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं ते आमच्या हिच्या घोट्यामुळे.

हिनं १९९९ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी मोटार शिकून घेतली आणि स्वतःच्या पगारातून साठवलेल्या पैशांनी मारुती ८०० घेतली. मी बँकेत लोकांना कर्जं वाटत होतो, पण माझ्या टेबलावर तिचा अर्ज आला नाही. गाडीची किल्ली तेव्हापासून तिच्याच पर्समध्ये. मी शेजारी बसणारा माणूस. तीन वर्षांपूर्वी ती जिन्यावरून घसरली आणि डावा घोटा मोडला. हाड जुळलं, पण सांधा ताठ राहिला. चालता येतं, जिना चढता येतो, क्लच तेवढा दाबता येत नाही.

पुण्याहून मुलानं सल्ला दिला, "आई, ती गाडी विक आणि ऑटोमॅटिक घे." सल्ला शहाणपणाचा होता. २०१४ साली मारुतीचीच सेलेरिओ आली, तेव्हापासून साध्या गिअरपेटीवर यंत्राचा हात बसवलेल्या गाड्या मध्यमवर्गाच्या आवाक्यात आल्या आहेत. मी त्याच्याही पुढं जाऊन म्हणालो, "आता या वयात गाडी हवीच कशाला? रिक्षा आहेत की."

"तुमचा घोटा मोडला असता, तर तुम्ही रिक्षा शोधली असती का हो?"

मी चहाचा कप उचलून आत गेलो.

तिला दुसरी गाडी नको होती, हीच हवी होती. हे माझ्यातल्या बँकवाल्याला पटणारं नव्हतं. विकून चार पैसे येतील न येतील अशा गाडीवर खर्च कसला करायचा? पण ज्या प्रश्नाला मला उत्तर देता आलं नव्हतं, तो डोक्यातून जाईना. शेवटी मीच उद्यमनगरात गेलो.

शिवाजी उद्यमनगर ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना सांगतो : तिथं 'होत नाही' हा शब्द दुकानात ठेवत नाहीत. याच गावात बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास सिनेमाचा कॅमेरा घरच्या घरी घडवला. माझ्या ओळखीच्या मिस्त्रींच्या वडिलांनी घेतलेल्या लेथच्या कर्जाचे कागद एके काळी माझ्या हाताखालून गेले होते. मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सायेब, गाडी वैनी चालवणार ना? मग तुम्ही का आलाय? त्यास्नी घिऊन या."

मिस्त्रींच्या मनात आधी पुरा ऑटोमॅटिक गिअर करायचा होता. गिअरच्या दांड्याला दोन हालचाली असतात. आधी आडवं सरकून ओळ निवडायची, मग पुढं किंवा मागं ढकलून गिअर टाकायचा. त्यांनी दोन हालचालींना दोन मोटारी लावल्या आणि किती वेगाला कोणता गिअर पडावा हे ठरवण्यासाठी हिला शेजारी बसवून स्वतः गाडी चालवली. गिअर बदलायची वेळ आली की हिनं फक्त 'आता' म्हणायचं. मिस्त्री त्या क्षणाचा वेग वहीत टिपून घेत. मी मागं बसून होतो.

वहीतले आकडे जुळेनात. एकाच वेगाला ही कधी 'आता' म्हणे, कधी गप्प बसे. पंचगंगेच्या पुलाकडं जाताना समोर उसाची ट्रॉली दिसली की इंजिन कुरकुरण्याआधीच हिचा गिअर खाली आलेला. वळणापलीकडचा चढ तिला आठवतो, वेगाच्या काट्याला तो कसा आठवणार? वीस-बावीस वर्षं मी शेजारी बसलो होतो आणि ती एवढा विचार करत असते हे मला त्या वहीमुळे कळलं.

मोटारींनीही दगा दिला. गिअर सहज पडायला आतल्या चकत्यांचा वेग जुळावा लागतो. माणसाचा हात तिथं अर्धा क्षण थांबतो, मोटार थांबत नाही. रंकाळ्यापाशी गाडी दोन गिअरांच्या मधेच अडकली आणि मागच्या रिक्षावाल्यांनी आमचा उद्धार केला. कारखान्यातून येणाऱ्या गाड्यांत हे जुळवायला संगणक असतो. मिस्त्रींपाशी चार खटके आणि एक रिले होता.

मेबॅकचा विषय त्याच दिवशी निघाला. त्या काळच्या मेबॅक गाड्यांत स्टिअरिंगवर छोट्या दांड्या असत. पुढचा गिअर दांडीनं आधीच ठरवून ठेवायचा आणि मग ॲक्सिलरेटरवरचा पाय क्षणभर उचलायचा. पाय उचलला की इंजिनाचं तोंड मिटतं, पण दट्ट्ये हवा ओढतच राहतात. त्यातून आत जी ओढ तयार होते, तिच्या जोरावर गिअर बदलायचा. क्लचचं काम गाडी जागची हलवताना आणि मागं घेताना. मिस्त्रींनी मोटारी उतरवून टेबलावर ठेवल्या. "गिअर वैनींच्या हातालाच ऱ्हाऊ दे. त्यो हात चांगला हाय. आपन पायाचं तेवढं बघू."

मग सरळ मार्ग सापडला. इंजिनाची ओढ एका छोट्या टाकीत साठवायची, टाकीच्या तोंडाशी एकेरी झडप. गिअरच्या मुठीवर बटण. बटण दाबलं की टाकीची ओढ एका रबरी पडद्याला खेचते आणि पडद्याची तार क्लच दाबते. ब्रेकला मदत करणाऱ्या नळीला हात लावायचा नाही, यावर मिस्त्री ठाम होते. पेडलही जागच्या जागी ठेवलं.

पहिल्या बटणावर नुसतं बोट टेकलं तरी पुरत होतं. गाडी चालवताना मुठीवर हात ठेवायची हिची जुनी सवय. दोन किलोमीटरांत क्लचप्लेट जळाल्याचा वास गाडीभर. मग मुद्दाम जोरानं दाबावं लागेल असं बटण बसवलं. त्याहून अवघड होतं क्लच सोडणं. दाबायचा झटकन, पण सोडताना तो धरू लागतो त्या ठिकाणापासून पुढं सावकाश, नाहीतर गाडी बेडकासारखी उडी मारते. मिस्त्रींनी हवा आत यायला दोन भोकं ठेवली, एक मोठं, एक सुईएवढं. क्लच धरू लागला की तारेवरची पट्टी मोठं भोक झाकते आणि उरलेली हवा सुईच्या भोकातून येते. त्या पट्टीची जागा ठरवण्यात तीन रविवार गेले. चढावर उभी गाडी सोडताना हँडब्रेक लागतोच. त्याला इलाज निघाला नाही.

कागदपत्रांना यंत्रापेक्षा जास्त दिवस लागले. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मालकाला गाडीत मनमानी बदल करू देत नाही. अपंगत्व असलेल्या माणसासाठी बदल करण्याची वाट त्यात आहे, पण ती परवानगीतून जाते. लायसन्सवरही नोंद लागते. मी बँकेत जन्म काढलेला, तेव्हा फायलीचं काम माझ्याकडं आलं. या सगळ्या उद्योगात माझा उपयोग एवढाच झाला.

पावसाळा सरल्यावर ही पहिल्यांदा पन्हाळ्याचा घाट चढली. दर गिअरला टाकीकडून 'फुस्स' असा आवाज येत होता. अर्ध्या घाटात मी तिच्या पायाकडं बघणं सोडून दिलं.

दिवाळीत मुलगा आला. त्याला गाडी चालवून बघायची होती. गंगावेशीत भर गर्दीत त्यानं सवयीनं पेडल दाबलं, बटणही दाबलं, दोन्ही एकदम सोडलं आणि गाडी बंद पाडली. मागून हॉर्न सुरू झाले.

"आधी पाय उचल रे," ही मागच्या सीटवरून म्हणाली. "पायाचं काम नाही ते."