गॅडोलिनियमचं इंजेक्शन आणि काळी वाळू

"डॉक्टर, हे इंजेक्शन कसलं?" एमआरआयला निघालेल्या एका काकांनी विचारलं. अशा वेळी मी "फोटो स्वच्छ यावा म्हणून" एवढंच सांगतो. खरं उत्तर लांबचं आहे.

त्या इंजेक्शनात गॅडोलिनियम असतं, दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांपैकी एक. हे नाव जरा फसवंच. ही मूलद्रव्यं तशी दुर्मीळ नाहीत. कठीण आहे ते त्यांना एकमेकांपासून वेगळं करणं. केरळातल्या चवरा आणि तमिळनाडूतल्या मनवलकुरिचीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूत मोनाझाइट हे खनिज मिळतं. त्यात ही भावंडं एकत्र नांदतात आणि त्यांच्यासोबत असतं किरणोत्सारी थोरियम.

मोनाझाइट बारीक दळून तीव्र कॉस्टिक सोड्यात तापवतात. त्यातलं फॉस्फेट विरघळून निघून जातं. उरलेल्या गाळावर हायड्रोक्लोरिक आम्ल बेताने सोडलं, की दुर्मीळ मृदा विरघळतात आणि थोरियम बरंचसं तळाशी राहतं. सगळं कसब त्या 'बेताने'त आहे. आम्ल जास्त झालं की थोरियमही सोबत येतं. द्रावणात उतरलेलं रेडियम मग बेरियम सल्फेटबरोबर खाली बसवावं लागतं. त्यानंतर भावंडांची फारकत. त्यांचे गुणधर्म इतके जुळते, की १९११ मध्ये शुद्ध थुलियमसाठी चार्ल्स जेम्स यांनी सुमारे १५ हजार वेळा स्फटिकीकरण केलं. आज तेच काम तेल-पाण्यासारखे न मिसळणारे दोन द्रव शेकडो टाक्यांतून पुन्हा पुन्हा घुसळून होतं.

नव्या पद्धतीची बातमी आली, की किती टक्के धातू मिळाला हे ठळक छापतात. मी मात्र थोरियम कुठे गेलं ते शोधतो. कारण आमच्याच व्यवसायाने ते एकदा रुग्णांच्या शिरांत सोडलं होतं. १९३० च्या दशकात एक्स-रेसाठी वापरलेलं 'थोरोट्रास्ट' म्हणजे थोरियम डायऑक्साइड. चित्रं सुरेख येत. पण ते यकृतात ठाण मांडून बसलं आणि काही दशकांनी तिथे कर्करोग झाले.

मग चवऱ्याच्या लोकांचं काय? त्याच पट्ट्यातल्या करुणागप्पळ्ळीत जवळपास ७० हजार लोकांची सरासरी दहा वर्षं पाहणी झाली. २००९ च्या निष्कर्षांत वाळूतल्या किरणोत्सारामुळे कर्करोग वाढल्याचं दिसलं नाही. पण पायाखालची वाळू वेगळी आणि दळताना फुप्फुसात जाणारी धूळ किंवा कारखान्यामागे साठलेला गाळ वेगळा. मलेशियात बुकित मेराहच्या कारखान्यातील थोरियमयुक्त कचऱ्यावरून रहिवासी कोर्टात गेले; १९९४ मध्ये तो कारखाना बंद झाला.

गॅडोलिनियमही मोकळं असेल तर विषारीच. शरीर त्याला कॅल्शियम समजून फसतं. म्हणून इंजेक्शनात ते एका रेणूच्या पिंजऱ्यात कोंडलेलं असतं आणि लघवीवाटे निघून जातं. मूत्रपिंडं निकामी असतील, तर ते शरीरात रेंगाळतं. जुन्या प्रकारच्या इंजेक्शनांनी अशा काही रुग्णांची त्वचा दगडासारखी कडक झाली होती.

काकांना मी विचारलं, "किडनीचा काही त्रास?" त्यांनी पिशवीतून रिपोर्ट काढला. क्रिएटिनिन १.१. सिस्टरना म्हटलं, "द्या इंजेक्शन."