उन्झेनचे उकळते पाणी

वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांनी जेथे आपले प्राण अर्पण केले, ती नागासाकीची टेकडी एकदा तरी पाहावी, अशी ओढ आपल्या अनेक भाविकांना असते. जपानच्या सहलीला निघालेले कुटुंबीय आम्हांला त्याविषयी विचारतात आणि सोबत एखादी रंगीत पत्रिकाही दाखवतात. 'नागासाकीहून एका दिवसाची सहल : ऐतिहासिक किल्ला, ज्वालामुखीचे दर्शन, गरम पाण्याच्या झऱ्यात स्नान, मार्गदर्शक सोबत.' पत्रिकेत खोटे काहीच नसते. मात्र ते गरम पाणी कोणते आणि तो किल्ला कोणाचा, हे तिच्यात बहुधा लिहिलेले नसते. ते येथे सांगावे, असे आम्हांला वाटते.

दिवसाची सुरुवात निशिझाका टेकडीवर करावी. नागासाकी रेल्वे स्थानकापासून ती चालत अवघ्या काही मिनिटांवर आहे. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी येथे सव्वीस जणांना क्रूसावर चढवून भाल्यांनी ठार करण्यात आले. त्यांत वीस जपानी होते. बंधू गोन्सालो हे पोर्तुगीज पिता व भारतीय माता यांचे पुत्र, फ्रान्सिस्कन संघाचे व्रतस्थ आणि हिदेयोशीच्या दरबारात आपल्या संघाचे दुभाषी. क्योतो येथे कानाचा तुकडा कापल्यावर यांतील बहुतेकांना ऐन हिवाळ्यात सुमारे महिनाभर चालवत येथे आणले होते. सध्याचे स्मारक १९६२ सालचे, म्हणजे त्यांना संतपद मिळाल्याच्या शताब्दीचे आहे. शिल्पकार फुनाकोशी यांनी भिंतीवर सव्वीस कांस्य आकृती ओळीने उभ्या केल्या आहेत. त्यांतील तीन मुलांच्या आकृती उंचीने लहान आहेत. पोप जॉन पॉल दुसरे १९८१ साली व पोप फ्रान्सिस २०१९ साली येथे येऊन गेले. बहुतेक यात्रेकरू येथूनच परततात. आमचे सांगणे असे, की येथून पुढे निघावे.

शिमाबारा द्वीपकल्पाकडे जाताना समुद्रकाठी प्रथम ओबामा हे गाव लागते. येथे जमिनीतून निघणारे पाणी १०५ अंश सेल्सियसचे, म्हणून पाय शेकण्यासाठी किनाऱ्यावर बांधलेला पाणवठाही मुद्दाम १०५ मीटर लांबीचा केला आहे. वज्रेश्वरी-अकलोलीची कुंडे पाहिलेल्या वसईकरांना त्या वाफा पाहून नवल वाटणार नाही. नवल वाटेल ते स्वच्छतेचे! या प्रदेशाच्या उष्णतेचे मूळ लगतच्या ताचिबाना उपसागराखालील शिलारसात आहे, असे भूशास्त्रज्ञ मानतात. त्याला सर्वांत जवळ ओबामा, म्हणून तेथील पाणी अतिशय तप्त व खारट. मधल्या डोंगरावर उन्झेन, तेथे वायू वर येऊन गंधकयुक्त, आम्लधर्मी पाणी तयार होते. पलीकडच्या शिमाबारा शहरात पोहोचेपर्यंत ते कोमट झालेले असते. हा ज्वालामुखी आजही जिवंत आहे. १९९० साली तो जागा झाला आणि ३ जून १९९१ रोजी त्याच्या तप्त राखेच्या लोटात ४३ जणांचा बळी गेला.

उन्झेन हे नाव पूर्वी 'उष्ण पाण्याचा झरा' या अर्थाच्या अक्षरांनी लिहीत असत. १९३४ साली येथे राष्ट्रीय उद्यान झाले, तेव्हा उच्चार तोच ठेवून 'मेघ' आणि 'ऋषी' या अर्थाची अक्षरे योजण्यात आली. गावाच्या मध्यभागी पांढुरका, उजाड भूभाग आहे. त्याला 'जिगोकु', म्हणजे नरक म्हणतात. फटींतून येणारी वाफ १२० अंशांपर्यंत तापते. लाकडी पायवाटेवरून लोक हिंडतात आणि वाफेवर उकडलेली अंडी विकत घेऊन खातात. याच वाटेवर एक क्रूस उभा आहे.

१६२७ ते १६३२ या काळात शिमाबाराचा सरदार मात्सुकुरा शिगेमासा आणि नंतर नागासाकीचा अधिकारी ताकेनाका यांनी ख्रिस्ती लोकांचा छळ करण्यासाठी या पाण्याचा उपयोग केला. पौलो उचिबोरी यांच्या तीन मुलांना प्रथम समुद्रात बुडवून मारण्यात आले. त्यांतील धाकटा इग्नासियो पाच वर्षांचा होता. त्यानंतर २८ फेब्रुवारी १६२७ रोजी पौलो व त्यांचे सोबती, मिळून सोळा जणांना येथील उकळत्या कुंडांत मृत्यू आला. पुढे पद्धत बदलली. मेलेला ख्रिस्ती हा हुतात्मा होतो, श्रद्धा सोडलेला ख्रिस्ती इतरांचा धीर खचवतो, हे अधिकाऱ्यांनी ओळखले होते. म्हणून तळाला भोके पाडलेल्या पळीने उकळते पाणी उघड्या अंगावर हळूहळू ओतायचे, वैद्याकडून जखमांवर औषध लावायचे आणि पुन्हा ओतायचे. १६३१ च्या डिसेंबरात येशूसंघीय फादर अंतोनियो इशिदा, इतर चार व्रतस्थ आणि दोन स्त्रिया यांना येथे आणले गेले. फादर इशिदा यांनी महिनाभर हे सोसले. ते बधले नाहीत, तेव्हा त्यांना नागासाकीला परत नेऊन १६३२ च्या सप्टेंबरात जाळण्यात आले. शुसाकु एन्दो यांच्या 'सायलेन्स' या कादंबरीवरील २०१६ सालच्या चित्रपटाचा आरंभ याच दृश्याने होतो. सरदार मात्सुकुराचा मृत्यूही गरम पाण्याशीच जोडलेला आहे : तो १६३० साली ओबामाच्या झऱ्यांवर अकस्मात मरण पावला. पौलो उचिबोरी आणि त्यांचे सोबती यांना २४ नोव्हेंबर २००८ रोजी नागासाकीत एकूण १८८ हुतात्म्यांमध्ये 'धन्य' घोषित करण्यात आले.

मग अशा जागी स्नान करावे का? ते अनुचित आहे, असे काही भाविकांना वाटते. आम्हांला तसे वाटत नाही. हे पाणी त्या सरदाराच्या आधीही शेकडो वर्षे दुखणाईतांचे अंग शेकत होते. पाप पाण्याचे नव्हते. मात्र क्रम पाळावा. आधी क्रूसापर्यंत चालत जावे, तेथे प्रार्थना करावी, स्नान त्यानंतर. स्नानगृहाचे नियम कडक आहेत. स्त्रिया व पुरुष वेगळे, अंगावर वस्त्र नाही, बाहेर साबणाने स्वच्छ धुतल्यावरच कुंडात उतरायचे आणि टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. गळ्यात चांदीची साखळी वा क्रूस असेल तर काढून ठेवावा, गंधकामुळे चांदी काळवंडते.

दुपारनंतर दक्षिणेला हारा किल्ल्यावर जावे. पूर्वी तेथवर रेल्वे होती. तो फाटा २००८ साली बंद झाला, त्यामुळे वाहन ठरवूनच निघावे. किल्ला म्हणून पाहण्यासारखे फारसे उरलेले नाही : समुद्रावरचा कडा, दगडी पाया आणि गवत. मात्सुकुराच्या मुलाने लादलेले कर आणि धर्मछळ यांनी गांजलेल्या शेतकऱ्यांनी १६३७ साली येथे बंड केले. अमाकुसा शिरो या सोळा वर्षांच्या आसपासच्या तरुणाला त्यांनी पुढारी केले. १६३८ च्या एप्रिलमध्ये किल्ला पडला. आत स्त्रिया-मुलांसह सुमारे ३७ हजार माणसे होती, असे सांगतात. जवळजवळ सर्वांची कत्तल झाली. उत्खननात हाडे आणि बंदुकीच्या गोळ्यांचे शिसे वितळवून केलेले लहान क्रूस सापडले आहेत. ख्रिस्तसभेने या लोकांची गणना हुतात्म्यांत केलेली नाही, कारण त्यांनी शस्त्र उचलले होते. हा निर्णय समजण्याजोगा आहे. तरीही ते शिशाचे क्रूस पाहिलेल्या माणसाला त्याचे समाधान सहज होत नाही, हेही आम्ही कबूल करतो. २०१८ साली या जागेचा समावेश जागतिक वारशात झाला.

राहिले ते, ज्यांचे स्मारक कोठेच नाही. उन्झेनच्या पाण्यापुढे अनेकांनी हार मानली. त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या नागासाकी परिसरातील लोकांना येशूच्या वा पवित्र मरियेच्या प्रतिमेवर पाय देऊन आपण ख्रिस्ती नाही असे दाखवावे लागे. ते पाय देत, घरी येऊन पश्चात्तापाची प्रार्थना करीत आणि रात्री मुलांना बाप्तिस्मा देत. नागासाकीत दुसऱ्या दिवशी थांबणे शक्य असेल, तर ओउरा चर्चमध्ये अवश्य जावे. ते सव्वीस हुतात्म्यांच्याच नावाने बांधलेले आहे. १७ मार्च १८६५ रोजी उराकामी गावातील काही माणसे तेथे आली आणि त्यांतील एका स्त्रीने फादर पेतिजाँ यांच्या कानाशी हळूच सांगितले, की आमचेही अंतःकरण तुमच्यासारखेच आहे. मग तिने विचारले, की पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे. ती मूर्ती आजही त्याच चर्चमध्ये आहे.