दोन बिल्ट्यांचा प्रवास

इ. स. १८८३ च्या एप्रिलात कलकत्त्याहून बोटीने निघालेल्या आनंदीबाई जोशी जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचल्या. आमच्या नातीस तेवढे दिवस लागले नाहीत. मनस्ताप मात्र पुष्कळ झाला.

स्वस्ताईच्या मोहाने आम्ही सांबऱ्याहून मुंबईचे एक व तेथून अमेरिकेचे दुसरे, अशी पृथक् तिकिटे काढली. पावसाने पहिले विमान रखडले, दुसरे निघून गेले. नवे तिकीट दुप्पट दराने घ्यावे लागले. सारा प्रवास एकाच तिकिटावर असता, तर पुढच्या विमानात बसविण्याचे दायित्व कंपनीचे होते. एका बिल्टीचा माल मुक्कामी पोचविणे वाहतूकदाराचे काम, दोन बिल्ट्यांमधला माल आपला, हे खडेबाजारात चाळीस वर्षे धान्य तोलणाऱ्यास उमगू नये!

अमेरिकेत विद्यार्थी-व्हिसावर प्रथम जाणाऱ्यास अभ्यासक्रमारंभाच्या ३० दिवसांहून आधी प्रवेश नाही, हेही तारीख ठरविताना पाहावे. आमचे तेवढे बरोबर होते.