पेठ नसलेला सपोर्टर

सोमवारी सकाळी आमच्या ऑफिसातल्या कॉफी मशीनपाशी उभं राहिलं, की आपण हिंजवडीत नसून मँचेस्टरमध्ये आहोत असं वाटायला लागतं. लाल जर्सीवाले एकीकडे, निळे दुसरीकडे. कुणाचा डिफेन्स ढिला पडला, कुणाला रेफ्रीने वाचवलं, कोच कधी जाणार... सगळं तोंडपाठ! यातल्या एकानेही ते मैदान डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पाहायची गरज तरी काय म्हणा. सोफा आहे, स्क्रीन आहे, पिझ्झा अर्ध्या तासात दारात येतो.

मग कुणीतरी माझ्याकडे वळतं. ‘बॉस, तू कुठल्या क्लबचा?’

‘कोल्हापूरच्या एका तालमीचा.’

‘तालीम? ते कुस्तीचं असतं ना?’

इथे कॉफी संपते आणि माझं लेक्चर सुरू होतं. आज तेच लेक्चर तुम्हाला. तालमीचं नाव मात्र मुद्दाम सांगणार नाही. सांगितलं तर बाकीच्या सगळ्या तालमींचे सपोर्टर मला शोधत पुण्यात येतील, आणि ते खरंच येतात.

व्हॉलीबॉलला लाथ

मी मूळचा तेलगावचा. जिल्हा बीड, तालुका धारूर. माजलगावहून धारूरला जाणारा आणि बीडहून परळीला जाणारा रस्ता एकमेकांना छेदतात, तो चौक म्हणजे आमचं गाव. गावाजवळ साखर कारखाना, वर सिंदफणेवरचं माजलगाव धरण, आणि उरलेलं सगळं आयुष्य उसाभोवती. खेळ म्हणाल तर कबड्डी, जत्रेतली कुस्ती, टेनिस बॉलचं क्रिकेट आणि संध्याकाळी जाळी बांधून व्हॉलीबॉल. फुटबॉल? तो आम्हाला पुस्तकातल्या चित्रापुरता माहीत. शाळेत पीटीचे सर कधीकधी वरचं कातडं निघालेला व्हॉलीबॉल मैदानात फेकायचे आणि म्हणायचे, ‘जा, फुटबॉल खेळा.’ चाळीस पोरं आणि एक बॉल. गोलपोस्ट म्हणजे दप्तरांचे दोन ढीग. नियम एकच, बॉल जिथे जाईल तिथे सगळ्यांनी जायचं.

असा मी २००१ मध्ये इंजिनीअरिंगला कोल्हापूरला पोचलो. एसटीत रात्रभर बसून अंग आंबलेलं, हातात वळकटी आणि डोक्यात फक्त दोन गोष्टी... अंबाबाई आणि तांबडा-पांढरा. फुटबॉलचा विचारही नव्हता.

पहिल्याच वर्षी हॉस्टेलवरचा पार्टनर म्हणाला, ‘चल भावा, मॅचला.’ मला वाटलं क्रिकेट. दुपारी चारच्या सुमारास आम्ही शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर होतो आणि मला काहीच कळत नव्हतं. हजारो माणसं. पोरं, पोरांचे बाप, बापांचे बाप. हलगी कडाडत होती. कागदाच्या पुडीत खारे शेंगदाणे. माझ्या शेजारी टोपी घातलेले एक आजोबा बसले होते. सेंटर हाफला ते त्याच्या घरच्या नावाने हाका मारत होते आणि त्याच्या आईने सकाळी त्याला काय खायला घातलं असेल यावर जाहीर शंका काढत होते.

मध्येच त्यांनी मला विचारलं, ‘कुठल्या पेठेचा रं तू?’

‘बीडचा.’

‘बीडला पेठ हाय व्हय?’

आसपासचे सगळे हसले. मीही हसलो. पण प्रश्न बरोबर होता.

तळ्याच्या जागी मैदान

कोल्हापुरात फुटबॉल टीम निवडायची नसते, ती जन्माने मिळते. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, रविवार पेठ... आणि पेठेच्या तालमी. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, संध्यामठ, फुलेवाडी. नावं वाचून वाटतं गणेश मंडळांची यादी आहे, आणि खोटं नाही ते. तालीम म्हणजे मुळात आखाडा. लाल माती, हनुमान, जोर-बैठका. तिथेच गणपती बसतो, तिथेच पेठेचे तंटे मिटतात (किंवा सुरू होतात!) आणि तिथल्याच पोरांची फुटबॉल टीम असते. जगात क्लब कामगारांनी काढले, चर्चने काढले, कंपन्यांनी काढले. आखाड्यातून उगवलेला फुटबॉल मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही.

याला राजाश्रयाचा मोठा हात आहे. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबागचं कुस्ती मैदान उभं केलं ते सगळ्यांना माहीत असतं. पुढे राजाराम महाराजांच्या काळात बाकीच्या खेळांनाही बळ मिळालं आणि १९४० मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे केएसए, सुरू झाली. लीग तीच भरवते. स्टेडियमची जागा तर भारीच आहे. तिथे पूर्वी रावणेश्वराचं तळं होतं. जुन्या कोल्हापुरात तळ्यांची काही कमी नव्हती. वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं, कपिलतीर्थाची मंडई झाली आणि रावणेश्वराच्या तळ्यात फुटबॉल शिरला. मंदिर अजून शेजारीच आहे. पेनल्टीच्या वेळी तिकडे हात जोडणारे मी पाहिलेत.

सीझन साधारण दिवाळीनंतर हळूहळू तापायचा. आधी लीग, मग एकामागून एक नॉकआउट चषक, मे महिन्यापर्यंत. लीग म्हणजे डोकं, चषक म्हणजे रक्त. दुपारच्या उन्हात पायऱ्या अशा तापायच्या, की पेपर घालून बसावं लागायचं. आणि तो पेपरही आदल्या दिवशीच्या मॅचची बातमी वरच्या बाजूला येईल असा घालायचा. कोल्हापूरच्या पेपरांत स्थानिक फुटबॉलला अशी जागा मिळायची, की रणजीवाल्यांनी हेवा करावा.

आणि ब्राझील-अर्जेंटिना! २००२ चा वर्ल्ड कप जपान-कोरियात होता, म्हणजे मॅचेस आपल्याकडे भरदुपारी. ३० जूनला रोनाल्डोने जर्मनीला दोन गोल घातले तेव्हा आमच्या गल्लीत जे फटाके वाजले, ते मी नंतर धोनीच्या वर्ल्ड कपलाच ऐकले. पुढे २०१८ आणि २०२२ ला मेस्सी-नेमारचे कटआउट चौकाचौकांत लागल्याचे फोटो व्हायरल झाले, बाहेरच्या लोकांना नवल वाटलं. आम्हाला कसलं नवल?

तर प्रश्न पेठेचा. मला ती नव्हती. मग त्या टोपीवाल्या आजोबांनीच निकाल लावला. ‘आमच्यात बस. बीडचा असू दे, वरडतोस चांगला.’ अशी माझी दीक्षा झाली. पुढची चार वर्षं त्याच पायऱ्या, त्याच टीमच्या नावाने घसा कोरडा. कुणाचं लग्न, कुणाचं बारसं, तालमीच्या गणपतीचं वर्गणी-पुस्तक... हॉस्टेलवरच्या पोराला हे सगळं फुटबॉलमुळे मिळालं. परक्या गावात पहिलं वर्ष काढलेल्या कुणालाही विचारा, याची किंमत किती ते.

साठाव्या मिनिटाला उठलेला माणूस

एक गोष्ट मात्र कॉफी मशीनपाशी मी सांगत नाही.

फुटबॉलचा सीझन आणि उसाचा सीझन एकाच वेळी चालतो. दसरा-दिवाळी झाली की आमच्या धारूर-माजलगाव-वडवणी भागातून ऊसतोडीच्या टोळ्या ट्रक-ट्रॅक्टरमध्ये बसून निघतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, कर्नाटक. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, ती फेडायला पाच-सहा महिने फडात. म्हणजे मी कोल्हापुरात पुस्तकं घेऊन गेलो, तेव्हा माझ्या वर्गातली दोन पोरं कोयता घेऊन तिथेच होती. रस्ता एकच, तिकीट वेगळं.

तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत आमच्या गल्लीतले तात्या भेटले. त्यांच्या टोळीची खोपटी शहराला लागूनच पडली होती. मी रविवारी त्यांना भेटायला गेलो. तात्या म्हणाले, आज गाडी रात्रीच भरायची आहे, दुपार मोकळी आहे. मी म्हटलं, चला, तुम्हाला एक गंमत दाखवतो. ते धुतलेलं धोतर नेसून आले. एका चषकाची फायनल होती, स्टेडियम तुडुंब. माझ्या लोकांनी सरकून जागा केली. आजोबांनी शेंगदाण्याची पुडी पुढे केली.

तात्यांनी वीसेक मिनिटं सगळं शांतपणे पाहिलं आणि मग विचारलं, ‘ह्या पोरायला याची हाजरी भेटती का रं?’

मी म्हटलं, बहुतेकांना नाही, हौस आहे.

‘हौस,’ ते म्हणाले. पुन्हा थोडा वेळ गेला. ‘आन् हे बघणारे? यांला आज काम न्हाई?’

हाफटाइमनंतर मात्र ते रंगले. आमचा विंगर कोपऱ्यातून पळत सुटला की तात्या मांडीवर थाप मारायचे. एकदा तर शिट्टीही मारली! पन्नास वर्षांचा माणूस, हातांना कोयत्याचे घट्टे, आणि शिट्टी अशी की पुढच्या दोन ओळी मागे वळल्या. स्कोअर शून्य-शून्य. साठावं मिनिट असेल. तात्यांनी उन्हाकडे पाहिलं आणि उठले. ‘जातो लेकरा. चुकून गाडी लवकर आली तर तुझी काकू एकटी मोळ्या कशी वाहील?’

मी थांब म्हणू शकलो नाही. दारापर्यंत सोडायला गेलो आणि तेवढ्यात मागून आरडाओरडा झाला. गोल. कुणी घातला ते त्या आवाजावरून कोल्हापूरकराला ओळखता येतं, मलाही आलं. आपलाच होता. तात्यांनी विचारलं, ‘झालं का?’ मी म्हटलं, झालं. ‘बरं झालं,’ म्हणून ते रिक्षाच्या स्टँडकडे निघाले आणि मी धावत पायऱ्यांवर परतलो. त्या रात्री पेठेत मिरवणूक होती. गुलालाने माखलेला मी साडेबाराला हॉस्टेलवर आलो, तेव्हा शहराबाहेरच्या रस्त्यावरून उसाच्या गाड्या जात होत्या. मॅचच्या आठवणींत ही आठवण कुठे ठेवायची ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

क्लब जातो तेव्हा

नोकरीला पुण्यात आलो. २००७ मध्ये पुणे एफसी सुरू झाला आणि मी खूश. बालेवाडीला गेलो, जर्सी घेतली. खेळ कोल्हापूरपेक्षा कितीतरी सरस होता, हे प्रामाणिकपणे सांगतो. २०१५ मध्ये तो क्लब आवरला. तोवर २०१४ पासून आयएसएलमध्ये एफसी पुणे सिटी आलाच होता. पुन्हा जर्सी. २०१९ मध्ये तोही गेला, त्याच्या जागी हैदराबाद एफसी उभा राहिला. माझ्या कपाटात अशा दोन जर्सी आहेत, ज्यांचे क्लब आता अस्तित्वात नाहीत. मुंबईचे माझे सीनिअर कलीग यावर हसतात. त्यांनी कुपरेज पाहिलंय. १८९१ पासूनचा रोव्हर्स कप या शतकाच्या सुरुवातीला थांबला, आणि नॅशनल लीग जिंकलेला महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. म्हणजे ट्रॉफी असली तरी क्लब टिकेलच असं नाही.

तालीम बंद होत नाही, कारण तिला विकणार कोण आणि विकत घेणार कोण? अर्थात तिथे सगळं गोड होतं, असंही नाही. ईर्ष्येच्या मॅचला मारामाऱ्या व्हायच्या, दगड यायचे, पोलिसांच्या काठ्या चालायच्या. पायऱ्यांवरच्या शिव्यांमुळे माझ्या काळात बायका-मुली फार कमी दिसायच्या, आणि त्या काळाला ‘सोनेरी’ म्हणताना हे विसरायचं कसं? नंतर टीममध्ये नायजेरियन खेळाडू आले, पैसा आला, नेत्यांचे फ्लेक्स आले. जुने लोक कुरकुरतात. मला त्यातलं पैशाचं पटतं, नायजेरियनांचं नाही. बीडचा चालतो तर लागोसचा का नको? आणि २०१७ मध्ये कोल्हापूरचा अनिकेत जाधव १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला, तेव्हा शिट्ट्या सगळ्या पेठांतून वाजल्या.

आता मॅचेस यूट्यूबवर लाइव्ह दिसतात. लंच ब्रेकमध्ये मी हेडफोन लावून बघतो. बॉल छोटा दिसतो, कॅमेरा हलतो, पण पायऱ्यांवरचा आवाज येतो. टोपीवाले आजोबा २०१२ मध्ये गेले. त्यांच्या जागी त्यांचा नातू बसतो, म्हणतो, ‘काका, तुमची जागा आहे अजून, या कधी.’ तात्या गावी आहेत, गुडघ्यांमुळे फडात जात नाहीत. मागच्या दिवाळीत मी त्यांना फोनवर एक मॅच दाखवली. त्यांनी आधी विचारलं, ‘ही ती अर्धी राहिलेली का?’

तर येत्या सीझनला वीकेंड मोकळा असेल, तर लोणावळ्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकण्यापेक्षा पहाटे कोल्हापूरची गाडी पकडा. सकाळी मिसळ, देवीचं दर्शन, दुपारी शाहू स्टेडियम. टोपी न्या, पाणी न्या, पायऱ्यांवर घालायला पेपर न्या. दोन्ही टीमच्या मध्ये बसू नका. कुठल्या पेठेचे असं विचारलं तर खरं ते सांगा, कुणीतरी सरकून जागा देतं. मॅच संपली की खासबागेत राजाभाऊंची भेळ खा, आणि जमलं तर रात्री गंगावेशीला म्हशीचं धारोष्ण दूध. परतीच्या गाडीचं तिकीट मात्र उशिराचं काढा. एक्स्ट्रा टाइम लागू शकतो.