डॉग शोचं जज कसं होता येतं?

डॉग शोमध्ये कुत्र्यांची तुलना एकमेकांशी होते, असं वाटतं? मुळात तसं नाही. जज प्रत्येक कुत्र्याला त्याच्या जातीच्या लिखित मानकाशी ताडून बघतो. दात, हाडांची ठेवण, चाल, स्वभाव, सगळंच.

न्हावा शेवातल्या तरुणाला जज व्हायचं असेल, तर नुसता कोर्स पुरत नाही. आधी अनेक वर्षं कुत्री पाळणं, शोमध्ये उतरवणं, रिंगमध्ये स्टुअर्डचं काम. मग परीक्षा. आंतरराष्ट्रीय संघटना एफसीआयनं जाती १० गटांत विभागल्या आहेत. अनुभव वाढेल तसे अधिकारही वाढतात.

एवढी काटेकोरपणा कशासाठी? जिंकलेल्या कुत्र्याच्या पिल्लांना मागणी येते. आपला कारवान हाउंड सडपातळच असतो. त्याला ‘उपाशी’ समजणारा जज जाडजूड कुत्र्यांना बक्षिसं देत गेला, तर काही पिढ्यांत त्याची धावच संपेल.